पापुद्र्यांखालचा उजेड

१

रविवारी सकाळी आठला घर सोडायचं, साडेआठला जंगलाच्या नाक्यावर वहीत सही करायची, वनरक्षकाशी दोन वाक्यं बोलायची आणि एकच्या आत परत यायचं. बाई गेल्यावरही छत्रीवाल्यांनी हा शिरस्ता मोडला नाही. पहिले दोन महिने ते कॅमेरा पाठीला लावून नुसतेच चालून येत. मग हळूहळू कॅमेरा पिशवीबाहेर येऊ लागला.

छत्रीवाले हे काही त्यांचं नाव नव्हे. तीस वर्षं त्यांनी इस्पितळात एक्स-रे काढले होते आणि या तीस वर्षांत लोकांशी मुख्यतः दोनच गोष्टी बोलले होते: श्वास रोखा, सोडा आता. पण सुटीच्या दिवशी ते रानात पालथे पडून भूछत्रांचे फोटो काढतात हे गल्लीत कळलं आणि कोणीतरी हे नाव चिकटवून दिलं. त्यावर विसंबून दोनदा माणसं मोडकी छत्री घेऊन दारात आली होती. त्यातली एक बाईंनी काड्या बदलून दुरुस्तही करून दिली होती.

बाई म्हणजे त्यांची बायको. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. विद्यार्थी बाई म्हणायचे म्हणून लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात छत्रीवाले थट्टेनं बाई म्हणू लागले ते कायमचेच. दोघांचं मिळून एक पुस्तक चाललं होतं, या जंगलातल्या भूछत्रांचं. ओळख बाईंची, फोटो यांचे. एका भूछत्राला एक पान. अकरा वर्षांत एकशे अठरा पानं झाली होती आणि एक राहिलं होतं.

कामाची पद्धत ठरलेली होती. इतक्या जवळून फोटो काढताना कॅमेऱ्याला फार थोडं स्पष्ट दिसतं, नखाच्या जाडीएवढं. त्याच्या पुढचं धूसर, मागचं धूसर. म्हणून छत्रीवाले कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवत आणि भिंगाची कडी केसभर फिरवत एकामागून एक चाळीसेक फोटो काढत. प्रत्येक फोटोत एकच पातळ काप स्पष्ट. भूछत्राच्या पुढच्या कडेपासून सुरुवात करायची, मागची कड आली की थांबायचं. घरी संगणकावर हे काप एकात एक बसवले की सबंध भूछत्र लख्ख उभं राही. छत्रीवाले म्हणत, हा एका क्षणाचा फोटोच नव्हे. असा क्षण कधी होऊनच गेलेला नसतो. बाई म्हणत, मुलांना हे सांगू नका, आधीच कमी शिकतात.

बाईंचं काम उजेडाचं. भूछत्राची खरी ओळख असते टोपीखालच्या पापुद्र्यांत, आणि झाडीत तिथे अंधार असतो. बाईंकडे सदऱ्याच्या खोक्याचा एक पुठ्ठा होता, चंदेरी कागद चिकटवलेला. आसपास जिथे उन्हाचा कवडसा पडला असेल तिथे त्या जाऊन उभ्या राहत, मग तो आठ पावलांवर असो की बारा, आणि तिथून उजेड वळवून नेमका टोपीखाली सोडत. बहुतेकदा हा कवडसा भूछत्राच्या पलीकडेच सापडे, म्हणजे बाई कॅमेऱ्यासमोरच येत. त्यानं काही बिघडत नसे. इतक्या मागचं सगळं विरघळूनच जातं. त्यासाठी त्या मुद्दाम शेवाळी रंगाचं जाकीट घालत. पुस्तकाच्या एकशे अठरा पानांवर बाई आहेत, आणि दिसत कुठेच नाहीत.

२

राहिलेलं पान बाईंच्या वहीत शब्दांतच होतं. आजारपणाच्या आदल्या वर्षी त्या एकट्याच रानात गेल्या असताना त्यांना ते भूछत्र दिसलं होतं. त्यांनी लिहिलं होतं: “एकदाच पाहिले. पाच बोटे उंच. टोपी राखेच्या रंगाची, कड कागदासारखी पातळ. पापुद्रे मोजू गेल्यास मोजणी चुकते. आत उजेड असल्यासारखे वाटते. नसतो.” प्रकाशकांचा दर महिन्याला फोन येई. फोटो मिळाला की छापायला घेऊ, नाहीतर एकशे अठरावरच थांबू, असं ते अतिशय सौम्यपणे म्हणत. छत्रीवाल्यांना तो सौम्यपणाच नको होता. ते पान भरलं की पुस्तक बाईंचं होणार होतं. नाहीतर ते बाईंच्या पश्चात कसंबसं आवरलेलं पुस्तक झालं असतं.

त्या रविवारी नाक्यावर वनरक्षक नेहमीसारखा खुर्ची मागच्या दोन पायांवर तोलून बसला होता. एवढं चालून शेवटी बघायचं काय तर छत्री, आमच्या दाराआड चार टांगल्यात, असं तो गेली सात वर्षं म्हणत आला होता, तसं आजही म्हणाला. छत्रीवाल्यांनी सही केली आणि आत गेले.

कोरडा ओढा ओलांडल्यावर एक आडवं पडलेलं खोड आहे. त्यावर बसून त्या दोघांनी शेकडो वेळा चहा प्यायला असेल. त्या खोडाच्या कुशीत, पालापाचोळ्यातून ते वर आलं होतं.

पाच बोटं उंच. राखेच्या रंगाचं. छत्रीवाल्यांनी आधी वहीतलं वाक्य मनात म्हटलं आणि मग ते गुडघ्यांवर बसले. टोपीची कड इतकी पातळ होती की तिच्या आरपार मागची पानं फिकट दिसत होती. त्यांनी तिपाई लावली, श्वास रोखला आणि कडी पुढच्या टोकाला आणली. पुठ्ठा त्यांच्याजवळ नव्हता. वर्षभर तो घरी कपाटामागे उभा होता. टोपीखाली काळोख होता. असू दे, संगणकावर थोडं उजळू, असा विचार करून त्यांनी काम सुरू केलं.

त्रेचाळीस फोटो झाले. रान फार शांत होतं. खिडक्या लावलेल्या खोलीत शांतता असते तशी, सगळ्या बाजूंनी सारखी. मध्येच कधीतरी त्यांना वाटलं की हात अवघडला असेल, आता आवरतं घ्यावं. कोणाचा हात, हे त्यांना निघताना सुचलं.

३

दुपारी त्यांनी काप एकात एक बसवले. त्यांची लेक शेजारच्या खोलीत आपलं काम घेऊन बसली होती. ती बस आगारात वेळापत्रकं लावते. घरी तिला बुटकी म्हणतात, कारण लहानपणी ती फार हळू वाढत होती. नंतर वाढत वाढत ती बापाच्या दोन बोटं वर गेली तरी नाव तेच राहिलं. बाई गेल्यापासून ती इथेच राहायला आली होती.

पडद्यावर भूछत्र उभं राहिलं. पापुद्रे लख्ख दिसत होते. एकेक घडी, तिच्या आतली घडी, तिच्या आतली आणखी एक. खालून, किंचित डावीकडून, मऊ उजेड आला होता.

बुटकी पाण्याचा पेला घेऊन मागे येऊन उभी राहिली. “आईनं धरल्यासारखा आलाय उजेड,” ती म्हणाली. मग आपण काय बोललो ते तिचं तिलाच ऐकू आलं असावं. चार वाजता पाणी येणार आहे, हौद भरायला हवा, असं काहीतरी म्हणत ती निघून गेली.

छत्रीवाल्यांनी सुटे फोटो क्रमानं उघडले. पहिल्या सोळांत टोपीखाली काळोख होता. सतराव्यात उजेड आला. म्हणजे त्या सुमारास ऊन सरकलं आणि एखाद्या ओल्या दगडावरून उडालं. साधी गोष्ट. त्यांनी तसं स्वतःशी दोनदा म्हटलंही. पण तीस वर्षं काळ्यापांढऱ्या काचांवर नजर ठेवलेल्या माणसाला एकदा दिसलेलं न दिसल्यासारखं करता येत नाही. दगडावरून उडालेलं ऊन थरथरतं. पान हललं की तुटतं. हा उजेड स्थिर होता. एकतिसाव्या फोटोत तो जरासा खाली घसरला होता आणि बत्तिसाव्यात पुन्हा जागच्या जागी आला होता. कवडसा सरकला की मनगट थोडं वळवावं लागतं. तसा.

४

फोटो प्रकाशकांना पाठवून टाकायचा, एवढंच उरलं होतं. तो त्यांनी पाठवला नाही. मागची कड थोडी मऊ आली आहे, पुन्हा काढतो, असं कळवलं. मागची कड उत्तम आली होती.

बुधवारी ते रानात गेले. बुधवार पाहून वनरक्षकानं खुर्चीचे चारही पाय जमिनीवर टेकवले आणि वही पुढे सरकवली.

इतकं नाजूक भूछत्र दुसऱ्या दिवशी टिकत नाही. किडे पडतात, कड फाटते, संध्याकाळपर्यंत चिखल होतो. हे चौथ्या दिवशीही तसंच उभं होतं. वाढलंही नव्हतं. सुकलं तर मुळीच नव्हतं. छत्रीवाल्यांनी खोडाच्या पलीकडे पाहिलं. दहाएक पावलांवर झाडांच्या फटीतून उन्हाचा एक कवडसा जमिनीवर पडला होता. तिथे कोणी नव्हतं. ते चालत तिथवर गेले, कवडशात उभे राहिले, परत आले. येताना आपल्याला कोणी पाहील की काय, अशी त्यांना लाज वाटत होती.

मग त्यांनी काम सुरू केलं आणि मागची कड आल्यावर थांबले नाहीत.

अकरा वर्षांत हे कधी केलं नव्हतं. करायला कारणच नव्हतं. भूछत्र संपलं की पुढे नुसतं रान. त्यांनी कडी केसभर फिरवली, आणखी केसभर. भूछत्र हळूहळू धूसर झालं आणि त्याच्यामागची एक काटकी स्पष्ट झाली. मग एक पान. मग पानावरचा मातीचा कण. साठाव्या फोटोपाशी अगदी मागे एक उजळ ठिपका दिसू लागला. धूसर उजेड भिंगातून नेहमी गोल दिसतो. कडी जसजशी मागे गेली तसतसा हा गोल राहिना. त्याला कोन येऊ लागले. चार कोन.

त्यांनी भिंगावरून डोळा काढला. कवडसा होता. तिथे कोणी नव्हतं.

घरी परतल्यावर कुलपाला किल्ली लागेना. छत्रीवाले वाकले, चष्मा वरखाली केला. कुलूप पितळी रंगाचा एक डाग झालं होतं. शेवटी त्यांनी बोटानं भोक चाचपून किल्ली बसवली.

५

जवळचं जाऊ लागलं होतं. आधी नखं गेली, मग कपाचा कान, मग ताटाची कड. लांबचं मात्र इतकं स्पष्ट दिसत होतं की तसं तरुणपणीही दिसलं नसेल. खिडकीतून तीन छपरांपलीकडच्या गच्चीवर वाळत घातलेल्या सदऱ्याची गुंडी तुटली आहे हे त्यांना कळत होतं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी भिंगं बदलून बदलून पाहिली. नंबर होता तोच आहे, पडद्यात दोष नाही, बुबुळ स्वच्छ आहे. मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि झोप लागते का, घरी कोणाशी बोलणं होतं का, असं विचारायला सुरुवात केली. छत्रीवाले सगळ्याला हो म्हणाले.

रात्रीच्या जेवणाला बुटकी समोर बसत असे. मधे हातभर टेबल. तिचा आवाज येई, चमचा वाजे, आज आगारात दोन चालकांनी एकाच बसवर हक्क सांगितला आणि तिसराच ती घेऊन गेला, असं ती हसून सांगे. आणि छत्रीवाल्यांना समोर एक फिकट गोल दिसे. त्यात कपाळ कुठे संपतं आणि केस कुठे सुरू होतात ते कळत नसे. ते त्या गोलाकडे बघून मान डोलावत.

कशाच्या बदल्यात काय जातंय हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. बुधवारी कडी वीतभर अंतर मागे नेली, वीतभर अंतरावरचं गेलं. गुरुवारी ते पुन्हा गेले. गुरुवारी टेबल गेलं. फक्त हे असं मनात नीट मांडलं की ते हास्यास्पद वाटे, आणि हास्यास्पद वाटलं की पुन्हा जायला हरकत वाटत नसे.

६

शुक्रवारी एकोणऐंशीव्या फोटोत बोटं आली.

पुठ्ठ्याच्या कडेवर तीन बोटं आणि करंगळी वेगळी, पुठ्ठ्याला न टेकलेली. बाईंची करंगळी लहानपणी दारात सापडून मोडली होती आणि नीट सांधली गेली नव्हती. काहीही धरताना ती अशीच बाजूला राही. पुढे मनगट. पुढे शेवाळी रंगाची बाही, तिच्या टोकाशी बाईंनी स्वतः घातलेला टाका.

छत्रीवाल्यांनी चष्मा काढून पुसला. चष्म्याचा काही दोष नव्हता. ते खोडावर टेकले आणि समोर उघड्या डोळ्यांनी पाहत राहिले. उन्हाचा मोकळा कवडसा, त्यात तरंगणारी धूळ, आणि फार सुंदर सकाळ. त्यांना भीती वाटली नाही. त्यांना वाटलं की आपण इतके दिवस उगाच घाई करत आलो. जरा मागे बघितलं असतं तर त्या तिथेच होत्या.

अठ्ठ्याऐंशीव्या फोटोत कोपर आलं. चेहरा आणखी मागे होता, पुठ्ठ्याच्या वर, अजून फिकट. आठदहा वेळा कडी फिरवली की आला असता. पण कवडसा झाडामागे गेला, आणि कडीवरचा आपला हात त्यांना आता मुळीच दिसत नव्हता. मनगटापासून पुढे नुसती मातकट धूळ असावी तसं.

घरी चहा ओतताना त्यांनी सगळा चहा कपाच्या शेजारी ओतला. बुटकीनं फडकं आणलं, टेबल पुसलं, आणि पुसता पुसताच सांगितलं की रविवारी मी बरोबर येणार. छत्रीवाल्यांनी तिच्या वेळापत्रकांची सबब पुढे केली. ती म्हणाली, रविवारी बस उशिरा आल्या तरी चालतं, एरवीही त्या वेळेवर येतात असं कोणाचं म्हणणं नाही.

७

रविवारी दहाच्या सुमारास ते खोडापाशी पोचले. भूछत्र उभं होतं. बुटकीनं ते पहिल्यांदाच समोर पाहिलं. ती उकिडवी बसली आणि एवढंच म्हणाली की हे किती जुनं वाटतं, नाही? पाठीवरची पिशवी तिनं उघडली नाही.

छत्रीवाल्यांनी तिपाई लावली. भूछत्र, काटकी, पान हे सगळं टाकून त्यांनी कडी थेट शुक्रवारच्या जागेवर आणली. भिंगात बोटं होती, मनगट होतं, बाही होती. त्यांनी एक फोटो काढला. केसभर. दुसरा. खांदा आला. केसभर. गळ्याशी जाकिटाचं वरचं बटण आलं, आणि त्याच्या वर हनुवटीचा आकार जमू लागला.

शेजारून बुटकी काहीतरी म्हणाली. ते हं म्हणाले. ती पुन्हा काहीतरी म्हणाली, त्यात आई हा शब्द होता. ते पुन्हा हं म्हणाले. त्यांना आता फक्त चार वेळा कडी फिरवायची होती.

भिंगात एक मोठी धूसर सावली आडवी आली आणि मागे जाऊ लागली. जाताना ती लहान होत गेली, तिला कडा आल्या, खांदे आले, वेणी आली. बुटकी खोड ओलांडून कवडशाकडे चालली होती. तिच्या हातात तो पुठ्ठा होता. घरून कपाटामागून काढून, पुसून आणलेला. बापाला काही सांगितलं तर तो नको म्हणेल, हे तिला माहीत होतं.

ती कवडशात पोचली आणि वळली. आणि चार दिवसांत पहिल्यांदा छत्रीवाल्यांना आपल्या मुलीचा चेहरा दिसला.

इतका स्पष्ट त्यांनी तो कधीच पाहिला नव्हता. डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. भांगाशी पाचसहा पांढरे केस होते. ते गेल्या वर्षी नव्हते. ओठ कोपऱ्यात फाटलेला होता. रडू आवरताना ती तो दातांत धरते, अगदी लहान होती तेव्हापासून. ती लाजल्यासारखी हसली आणि तिनं पुठ्ठा वर केला. आई धरायची तसा, पण वेडावाकडा.

टोपीखाली उजेड आला. भूछत्र धूसर होतं, तरी त्यांना ते कळलं. उजेड दोन ठिकाणांहून आला होता. एक थरथरत होता. दुसरा स्थिर होता.

तिच्या खांद्याला खांदा लागून ते दुसरं उभं होतं. त्याचा चेहरा आता पुरता आला होता आणि तो कॅमेऱ्याकडे वळलेला नव्हता. तो बुटकीकडे वळला होता. बाजूनं दिसत होता तेवढा बाईंचाच होता, गालाचं हाड, कानामागे सारलेली बट. कानाखाली, जाकिटाच्या गळ्यात, कातडीला बारीक घड्या होत्या. एकीच्या आत दुसरी, दुसरीच्या आत तिसरी. छत्रीवाल्यांनी नकळत मोजायला सुरुवात केली आणि मोजणी चुकली. आणि ती नजर. बाई लेकीकडे अशा कधी पाहत नसत. पण असं पाहताना त्यांनी बाईंना हजारदा पाहिलं होतं. नवा नमुना सापडला की त्या तो खुडण्याआधी याच नजरेनं पाहत, नीट, मायेनं, कुठून धरला तर तुटणार नाही याचा विचार करत.

करंगळी आधीच मोकळी होती. बाकीची बोटंही पुठ्ठ्यावरून सुटली आणि बुटकीच्या दंडाकडे निघाली.

“बुटके, इकडे ये,” छत्रीवाले म्हणाले. इस्पितळात बोलत त्या आवाजात, वर नाही, खाली नाही.

“का? हललं का माझ्या हातून?”

“छान धरलंस. आता ये. भिंगाकडे बघत ये, हळूहळू.”

ती निघाली. पहिल्याच पावलाला तिचा चेहरा मऊ झाला. दुसऱ्याला केस आणि कपाळ एक झाले. ती जवळ येत होती आणि त्यांच्या हातून जात होती. मागे ते सगळं जिथल्या तिथे स्पष्ट उभं होतं, आणि आता ते मान वळवत होतं, त्यांच्याकडे. अर्धा श्वास थांबलं असतं तर ती नजर त्यांना मिळाली असती.

छत्रीवाल्यांनी कडी उलटी फिरवली.

बुटकीच्या भुवया परत आल्या. तिनं पाऊल टाकलं, त्यांनी कडी फिरवली. पाऊल, कडी. बोट सवयीनं खटका दाबत होतं. तिच्यामागचं पाणी पडलेल्या चित्रासारखं फाकत गेलं, जाकीट गेलं, हात गेले, पुठ्ठ्याचा उजेड पुन्हा गोल झाला. पुन्हा ते कधी स्पष्ट होणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी एकदाही हात थांबवला नाही. ती खोड ओलांडून अगदी भिंगापुढे आली, तिच्या पापण्यांचे केस दिसू लागले, आणि मग त्यांनी डोळा काढून पाहिलं तर ते तसेच दिसत होते. तिचे डोळे, तिच्या नाकावरचा घाम, कडीवरचं आपलं नख.

तिचे हात रिकामे होते.

“पुठ्ठा?” त्यांनी विचारलं.

“तुम्हीच घेतलात ना,” बुटकी म्हणाली. “निघताना हात पुढे केलात, म्हणून दिला.”

मधे दहाबारा पावलं होती. छत्रीवाल्यांनी तिचा दंड धरला. बाही ओलसर लागली. “हो, राहू दे,” ते म्हणाले, आणि तिपाई मिटू लागले. भूछत्राच्या जागी पाचोळ्यावर तळहाताएवढा काळा ओघळ होता. बुटकी त्याकडे वाकून बघणार होती. त्यांनी तिला पिशवी उचलायला सांगितली.

८

दुपारी संगणकासमोर दोघं बसली. छत्रीवाल्यांना आता खिडकीबाहेरची छपरं जराशी धूसर दिसत होती. या वयात दिसायला हवीत तेवढीच. तिनं डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पुन्हा जाऊ या म्हटलं, तेव्हा ते म्हणाले की नको, ते माझ्या झोपेबद्दल विचारतात. मग त्यांनी तिला विचारलं की तुला झोप लागते का. वर्षभरात त्यांनी हे पहिल्यांदा विचारलं होतं. ती नाही म्हणाली.

प्रकाशकांना त्यांनी तिच्याकडूनच लिहवून घेतलं. शेवटच्या पानावर बाईंची चार ओळींची नोंद छापा. फोटोची जागा कोरी ठेवा. फोटो मिळणार नाही.

मग तिनं कॅमेऱ्याचं कार्ड संगणकाला लावलं. पडद्यावर एकामागून एक लहान चौकोन भरत गेले. पहिल्या रविवारचे, बुधवारचे, गुरुवारचे, शुक्रवारचे, आणि शेवटी आजचे. तिचे एकतीस फोटो होते, कवडशापासून खोडापर्यंत पाऊल पाऊल चालत येतानाचे. कार्ड लावलं की संगणक नेहमीप्रमाणे विचारी, काप एकत्र करायचे का. बुटकी पडद्याजवळ झुकली. शेवटच्या काही चौकोनांवरून तिची नजर मागेपुढे गेली.

“बाबा,” ती म्हणाली, “इथे मी इतकी पुढे आले आहे, तरी माझ्यामागचा हा उजेडाचा गोल तेवढ्याच अंतरावर कसा राहिलाय?”

छत्रीवाल्यांनी त्या चौकोनांकडे पाहिलं नाही. ते तिच्याकडे पाहत होते. “मागचं आहे ते,” ते म्हणाले. “पुसून टाक.”

“आजचे?”

“सगळेच.”

तिनं पहिला चौकोन निवडला. तो मोठा होऊन पडद्यावर उघडू लागला, तसा त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला.

“एकेक करून नको,” ते म्हणाले. “एकदम.”